सुईण, मदतनीस आणि आशा

यंदाच्या स्मरणिकेत बायकांच्या कामधंद्याच्या इतिहासावर काही लेख घ्यावयाचे कार्यकारिणीत ठरले, आणि चिटणीसबाईंनी आजारी माणसांच्या व बाळंतिणींच्या सेवेचा विषय माझ्या पदरात टाकला. मी सातवीपर्यंत शिकलेली. इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे, असे मी सांगून पाहिले. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या मावशी सुईण होत्या ना? मग आणखी कोण लिहिणार?" तेव्हा सनावळ्या माझ्या मुलीच्या परिचर्येच्या पुस्तकांतून घेतल्या आहेत आणि बाकीचे मावशीच्या तोंडून ऐकलेले व डोळ्यांनी पाहिलेले आहे. कमीजास्त असेल ते सांभाळून घ्यावे.

मावशीचे सासर करमाळ्याकडचे. तिच्या सासूबाई गावच्या सुईण. आमच्या आईची दोन बाळंतपणे त्यांच्याच हातची, आणि त्यांतले एक बाळ म्हणजे मी. सुईणीला पगार नसे. बाळंतपण नीट पार पडले की सुपात धान्य, नारळ, जमले तर लुगडे आणि खण. पाचवीच्या पूजेला तिचा मान असे. मुलगा झाला तर हात जरा सैल सुटे आणि मुलगी झाली की आखडे, असे त्या सांगत. कष्ट मात्र दोहोंचे सारखेच! वार पुरणे, घाणीचे कपडे धुणे, बाळबाळंतिणीला दहा-बारा दिवस न्हाऊमाखू घालणे हे सगळे तिच्याकडे. आणि एवढे करूनही पुष्कळ घरांत तिच्या हातचे पाणी चालत नसे. मूल तिच्या हातावर जन्माला यायचे आणि तिला पाणी वरून ओतायचे! मावशीच्या सासूबाईंनी हे तरुणपणी सोसलेले होते. त्याविषयी त्या रागाने बोलत नसत, पण विसरल्याही नव्हत्या.

सुईणीच्या हातून गुणही येई आणि दोषही घडे, हे लपवण्यात अर्थ नाही. नाळ विळ्याने कापायची, तिच्यावर राख नाही तर शेण लावायचे, असे सर्रास चाले. मग आठवड्याच्या आत बाळाची दातखीळ बसे आणि धनुर्वाताने ते जाई. लोक सटवीला बोल लावीत. इंग्रजी अमलात ह्याकडे लक्ष गेले ते शहरांतून. 1885 साली डफरिन फंड निघाला. मुंबईचे कामा हॉस्पिटल 1886 सालचे. 1903 साली दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने फंड निघाला. पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढले आणि विधवा, टाकलेल्या अशा बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली. त्या काळी हे केवढे धाडस! विधवेने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे घराण्याची अब्रूच गेली. परंतु ह्या सगळ्याचा उजेड करमाळ्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचला नव्हता. 1946 साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात 43,000 माणसांमागे एक परिचारिका आणि 60,000 माणसांमागे एक शिकलेली सुईण असे प्रमाण होते, आणि दर हजार जन्मांमागे सुमारे 20 बायका बाळंतपणात दगावत होत्या. म्हणून समितीनेच सांगितले की पुरेशा शिकलेल्या सुईणी तयार होईपर्यंत गावच्या दायांनाच शिकवून घ्यावे. 'होईपर्यंत' हा शब्द मला पुढे फार आठवला.

स्वातंत्र्यानंतर उपकेंद्रे झाली, नर्सबाई आल्या. पण पाच हजार वस्तीमागे एक नर्सबाई, त्यांनी कुठे कुठे पुरे पडावे? 2 ऑक्टोबर 1975 रोजी अंगणवाडीची योजना सुरू झाली. बरोबर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1977 रोजी, गावोगाव आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आली. तीन महिने शिक्षण आणि महिना 50 रुपये. (सरकारला असल्या योजना सुचतात त्या गांधीजयंतीलाच! सेवा म्हटले म्हणजे पगार द्यायला नको, असा तर हिशेब नसेल?) त्या रक्षकांत पुरुषच जास्त भरले गेले. बाळंतिणीच्या खोलीत त्यांचा काय उपयोग? उलट शेजारच्या जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे ह्या दांपत्याने 1970 सालापासून गावच्याच बायका निवडल्या, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, आणि त्यांना आरोग्याचे धडे दिले. मावशीच्या सासूबाईंना ह्याचे फार अप्रूप. "तिकडं अडाणी बाईबी डाक्तरासंगं बसून बोलती," असे त्या म्हणत.

मावशी 1984 साली लग्न होऊन त्या घरात आली. ती आठवी पास होती, आणि त्या घरात तेवढे शिकलेली ती पहिलीच सून. रात्री-अपरात्री सासूबाईंना बोलावणे आले की कंदील धरून मागे जायचे, अशी तिची सुरुवात. 1988 साली सरकारी दाई प्रशिक्षण झाले तेव्हा सासूबाईंनी तिलाच पुढे केले. महिनाभर ती रोज आरोग्य केंद्रात जाऊन शिकली. शेवटी एक पेटी मिळाली. तीत कात्री, दोरा, साबण, नखे घासायचा ब्रश. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळेला वरून काही लावायचे नाही, हे पाच नियम तिने सासूबाईंना शिकवले. सून सासूला शिकवते आणि सासू ऐकते, हा प्रकार गावाने तिथे प्रथम पाहिला! त्यानंतर तिच्या हातचे एकही बाळ धनुर्वाताने गेले नाही. ह्याचा तिला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. देशातून बाळांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले ते 2015 साली. त्यात लसीचा वाटा मोठा खरा, पण अशा पेट्यांचाही काही आहेच.

वीस वर्षे असे चालले. मग 12 एप्रिल 2005 रोजी दिल्लीहून ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे म्हणून बाईला पैसे देण्याची योजनाही त्याच वेळची. उद्देश चांगलाच होता. अडलेली बाई गावात पडून राहण्यापेक्षा दवाखान्यात गेलेली केव्हाही बरी, हे मावशीही म्हणे. पण तिला येणारी बोलावणी कमी होत गेली. महाराष्ट्रात 2005-06 साली शंभरातली 65 बाळंतपणे दवाखान्यात होत होती, ती 2015-16 साली 90 झाली. भोर समितीचे 'होईपर्यंत' संपले होते. तसे कोणी मावशीला येऊन सांगितले नाही, इतकेच.

2009 साली तिच्यापुढे दोन कामे एकदम आली. गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा रिकामी झाली आणि त्याच सुमारास आशा निवडायच्या ठरल्या. मावशी तेव्हा 43 वर्षांची. आशेला वयाची अट 25 ते 45 आणि शिक्षण आठवी. म्हणजे दोनच वर्षांनी ते दार बंद होणार होते. दोन्ही कामे एका बाईला करता येत नसत. (मीही त्या साली आमच्या भागात आशेसाठी विचारून पाहिले होते. सातवी म्हटल्यावर अर्जच घेतला नाही. एका इयत्तेने माणूस कुठे राहते पाहा!)

मदतनिसाला केंद्राचे मानधन महिना 750 रुपये आणि वर राज्याची थोडी भर. रक्कम लहान, पण ठरलेली. काम म्हणजे मुलांना घरोघरून आणायचे, खोली झाडायची, पाणी भरायचे, खाऊ वाटायचा, आणि दुपारी घरी. आशेला महिन्याचे काहीच नाही. जितकी कामे तितके पैसे, आणि तेही वरून येतील तेव्हा. वेळेचा नेम नाही. रात्री बाई अडली की गाडीत बसून तिच्याबरोबर दवाखान्यात जायचे. काकांचे म्हणणे सरळ होते. "आता चाळिशी उलटली. गुडघे बोलायला लागले. ठरलेला पैसा घे आणि दुपारी पाठ टेक." थोरला मुलगाही तेच म्हणाला. खरे सांगायचे तर मीसुद्धा तेच म्हणाले.

मी त्या वेळी चार दिवस तिच्याकडे राहायला होते. रात्री भांडी झाल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो. मला वाटले होते, तिला पैशाची काळजी असेल. ते नव्हते. ती म्हणाली, "मदतनीस झाले तर मला कुणी विचारणार नाही की तुला काय येतं. झाडू तर कुणालाबी मारता येतो. आणि आशा झाले तर दारोदार जाऊन सांगायचं की माझ्याकडं येऊ नका, दवाखान्यात जा. माझ्याच तोंडानं माझं काम मोडायचं." मी गप्प राहिले. काय बोलणार? पुढे तीच म्हणाली, "पण दवाखान्यात नेऊन सोडलेली बाई तिसऱ्या दिवशी घरी येते. मग तिच्याकडं बघायचं कुणी?"

सासूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या. त्यांना ऐकू कमी येई. सकाळी मावशीने त्यांना मोठ्याने दोन्ही कामे समजावून सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, "बाळाला हात लावायचं काम कुठलं?" त्याच दिवशी मावशीने आशेचा अर्ज भरला. मदतनिसाची जागा तिच्या शेजारणीला मिळाली.

पहिली दोन वर्षे मला वाटे, मावशी फसली. वीस वर्षे बाळंतपणे केलेल्या बाईला पहिल्या वर्षात 23 दिवसांचे शिक्षण, तेही पोरींच्या ओळीत बसून. दवाखान्यात गेले की तिला दाराबाहेर उभे करीत. आत बाई ओरडते आहे, कुठे काय अडले आहे हे हिला आवाजावरून कळते, आणि विचारायची सोय नाही. एकदा तिने आत डोकावून काही सांगितले, तर "आशा आहात ना? मग बाहेर थांबा," असे उत्तर मिळाले. पैसे तीन-तीन महिने तटत. शेजारीण मात्र दुपारी दोन वाजता दारात बसून गहू निवडी.

पुढे 2011 साली एक गोष्ट झाली, आणि ती गडचिरोलीहून आली. तिकडे डॉक्टर अभय आणि डॉक्टर राणी बंग ह्यांनी गावच्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेणे शिकवले होते. 39 गावांतून तो प्रयोग झाला आणि तीन वर्षांत बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हे 1999 साली 'लॅन्सेट' ह्या विलायतेच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. तीच पद्धत सरकारने देशभरच्या आशांना दिली. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, घड्याळ लावून श्वास मोजायचा, अंगावर पाजायला शिकवायचे. एका बाळामागे 250 रुपये. मावशीला घड्याळ, तापमापक आणि झोळीचा वजनकाटा मिळाला. तिने मला मुद्दाम फोन करून सांगितले. 1988 च्या पेटीनंतर पहिल्यांदाच तिला कोणी हत्यारे दिली होती.

हिशेब मांडायचा तर तोही मांडते, कारण इतिहास म्हणजे नुसते कौतुक नव्हे. 2018 साली केंद्राने मदतनिसाचे मानधन 2,250 रुपये केले आणि आशेच्या नेहमीच्या कामांचे 2,000. 2020 साली करोना आला तेव्हा आशांनी घरोघर जाऊन ताप पाहिले, लोकांनी तोंडावर दारे लावली. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील सर्व आशांचा सन्मान केला. त्याच्या आदल्या महिन्यात, 25 एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ह्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. खटला गुजरातचा होता, आणि निकाल लागणे व हातात पैसे पडणे ह्यांत अंतर असते हे आपण जाणतोच. तरी हक्क तो हक्क. त्या निकालात आशांचा समावेश नव्हता. म्हणजे एकीला सन्मान आणि दुसरीला हक्क! दोघींच्या भिंतीला भिंत लागून घरे.

आणि बाळंतपणांचे म्हणाल, तर भोर समितीच्या वेळी हजारांमागे 20 बायका जात होत्या. 2018 ते 2020 ह्या काळात महाराष्ट्रात ते प्रमाण लाखामागे 33 होते. हजार नव्हे, लाख. मावशी म्हणते, हे आकडे तिला पाठ करायला लावले नाहीत तरी पाठ झाले.

गेल्या दिवाळीत माझी मुलगी तिला भेटायला गेली होती. तिचेही आता शिक्षण संपत आले आहे आणि पुढे मोठ्या इस्पितळात जायचे की गावाकडे, ह्यावर आमच्या घरात रोज वाद चालतो. तिने मावशीला विचारले, "आजी, परत निवडायचे झाले तर काय घेशील?" मावशीने आधी शेजारणीला किती ग्रॅच्युइटी मिळेल ते तिच्याकडून कागदावर मांडून घेतले. आकडा दोनदा वाचला. मग वजनकाट्याची पिशवी खांद्याला लावून म्हणाली, "चल, येतीस का? मळ्यातल्या पोरीच्या बाळाचा चौदावा दिवस आहे."