वही ते सनद

पेढीवरील मुनिमाच्या हाताखाली जमाखर्च शिकणे ही जैन व्यापारी घराण्यांची जुनी उमेदवारी होय. १९१८ साली मुंबईत सरकारी लेखा-पदविका सुरू झाली व या उमेदवारीस कराराचे रूप आले. त्या काळी शिकविणाऱ्यास प्रीमियम द्यावा लागे. साधारण घरच्या मुलास फोर्टमधील मोठ्या फर्मचा उंबरठा त्यामुळेच उंच वाटे. १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. प्रीमियम जाऊन विद्यावेतन मिळू लागले, ते मात्र पुढील काळात.

१९६४ साली विलेपार्ल्यात नरसी मोनजी कॉलेज निघाले आणि वाणिज्य पदवी अंधेरी-बोरिवलीकरांच्या जवळ आली. सकाळी कॉलेज, मग चर्चगेटची लोकल, दिवसभर व्हाउचर तपासणे, रात्री अभ्यास. घाटकोपर-मुलुंडकरांची गाडी तेवढी व्ही.टी.ची.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय संस्थांच्या हिशेबतपासणीची तरतूद केली, आणि हे शिक्षण देरासरच्या वह्यांपर्यंत पोहोचले. साधारण खात्यातील तूट देवद्रव्यातून भागविता येत नाही, हे आपल्या मुलास घरीच ठाऊक असते. कंपनी कायद्याचे पुस्तक ते शिकवीत नाही. तशी नोंद आढळल्यास टिपण लिहावेच लागते. अहवालावर सही वरिष्ठांची. पण ट्रस्टी बहुधा त्या मुलाच्याच इमारतीत राहतात, हेही खरे!

२०२३ च्या नव्या योजनेने तीन वर्षांची आर्टिकलशिप दोन वर्षांवर आणली. तेवढ्या अवधीत असे टिपण लिहिण्याची वेळ प्रत्येकावर येईलच असे नाही.