नांव नसलेला आवाज

रंगभूमीवरील नटीचा चेहरा प्रेक्षकांच्या ध्यानांत राहतो. केवळ आवाजानें अभिनय करणारी नटी मात्र घरोघरीं परिचित असूनही अनामच राहते. अमेरिकेंतील जून फोरे हिचें चरित्र या दृष्टीनें आम्हांस मननीय वाटतें.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें १९१७ सालीं तिचा जन्म झाला. बाराव्या वर्षीं ती नभोनाट्यांत प्रथम बोलली; पुढें लॉस एंजेलिसच्या नभोवाणीवरून ती कार्टूनपटांकडे वळली. १९५९ सालीं सुरू झालेल्या मालिकेंत भाबडी उडती खार रॉकी व कपटी हेर नताशा हीं दोन्ही पात्रें तिच्याच कंठांतून बोलत. १९६६ सालच्या ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ या चित्रांत चिमुकल्या सिंडी लूला तिनें वाणी दिली. श्रेयनामावलींत मात्र तिचें नांव नव्हतें.

ज्या कलेनें तिला पडद्याआड ठेविलें, त्याच कलेच्या मानासाठीं ती झटली. १९७२ पासूनचे ‘ॲनी’ पुरस्कार हें तिच्याच पुढाकाराचें फळ होय. २०१२ सालीं तिला स्वतःस एमी पुरस्कार लाभला, तेव्हां तिचें वय ९४ होतें. २०१७ सालीं ती निवर्तली.

ज्या आवाजानें आपलीं मुलें हसतात, त्याच्या धन्याचें नांव विचारावें, एवढें ऋण तरी श्रोत्यांनीं फेडावें, असें आम्हांस वाटतें.