खुर्ची आणि कुरण

स्त्रीने शिक्षिका व्हावे याला आपल्या समाजाने हळूहळू मान डोलावली. परंतु शाळा तिने चालवावी, पैसा आणि माणसे यांविषयीचा शेवटचा शब्द तिचा असावा, हे पुष्कळांच्या गळी उतरावयास फार काळ लागला. याचा इतिहास पाहावयास आपणांस दूर जावयास नको. बोईसरहून उत्तरेच्या गाडीने घोलवडला उतरले की बोर्डी जवळच. त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातील या गावी 1945 साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले.

ताराबाई 1914 च्या पदवीधर. राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले होते. पतीपासून विभक्त झालेल्या बाईने ते पद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील व्हावे, हे त्या काळी धाडसच होय.

बोर्डीस त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य! पुढे त्या शिक्षिका झाल्या. हुजूरपागेत शिकवीत असता रात्रशाळेतून 1937 साली मॅट्रिक झाल्या. पदवी हाती आली ती 1961 साली. म्हणजे केंद्राच्या कामाचा भार त्यांनी सोळा वर्षे पदवीवाचून वाहिला. आजच्या निवड समितीने त्यांच्या अर्जाचे काय केले असते, कोण जाणे.

1957 साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि खरी कसोटी तेथे लागली. वारली मुले शाळेत येईनात. कशी यावीत? थोरली गुरे राखीत, मधली धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन बसत. हजेरीपट कोरा राहिला तर मुख्याध्यापक सहसा पालकांस दोष देतो. या बायकांनी शाळाच बदलली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरविली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, म्हणजे भावंडाला सांभाळणारी मुलगी मोकळी झाली. गुराख्यांसाठी तर शाळाच कुरणावर नेली. महागड्या माँटेसरी साहित्याच्या जागी शंखशिंपले, बिया, गोटे आले.

1962 साली ताराबाईंस पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या वारल्या आणि सारी धुरा अनुताईंवर आली. तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. नोकरीतला मनुष्य त्या वयात निवृत्त झालेला असतो.