लोस काप्रिचोस

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया (१७४६–१८२८) याची ८० मुद्राचित्रांची उपरोधिक मालिका. शीर्षकाचा अर्थ ‘लहरी कल्पना’. ६ फेब्रुवारी १७९९ रोजी माद्रिदच्या दैनिकात तिची जाहिरात आली. चित्रांत माणसांच्या चुका व दुर्गुण यांची हजेरी घेतली आहे, कोणा एका व्यक्तीची टवाळी केलेली नाही, असा खुलासा त्यात होता. इन्क्विझिशन या धर्मन्यायपीठाचा धाक तेव्हा सरलेला नव्हता. खुलाशामागे सावधपणा उघड दिसतो. संच अत्तरे व मद्ये विकणाऱ्या दुकानात ३२० रेआलना मिळे.

१७९२–९३ च्या आजाराने गोया बहिरा झाला होता. दरबारी व्यक्तिचित्रांत न मावणारे सारे त्याने इथे मांडले: पैशासाठी लावलेली लग्ने, कुंटिणी, खादाड भिक्षू, चेटकिणी, न्यायपीठाने धिंड काढलेली बाई. तांब्याच्या पत्र्यावर अम्लरेखनाने रेषा आणि राळेची पूड वापरून ॲक्वाटिंटच्या करड्या छटा, असे तंत्र आहे. त्या छटांमुळे पार्श्वभूमी बहुधा काळोखी राहते आणि चेहरे पांढरेफटक उठून दिसतात.

४३ क्रमांकाचे चित्र सर्वाधिक प्रसिद्ध आहे. त्यात मेजावर डोके टेकून झोपलेल्या माणसाभोवती घुबडे व वटवाघळे घोंगावतात. विवेक झोपला की राक्षस जन्मतात, असे मेजावरच कोरले आहे. मात्र सामाजिक टीका म्हणून ३७ ते ४२ ही गाढवांची चित्रे अधिक जहाल आहेत. एकात गाढव वैद्य रोग्याची नाडी बघतो. दुसऱ्यात अंगरखा घातलेले गाढव आपली वंशावळ उघडून बसले आहे. पानांवर ओळीने गाढवेच, मेजावरच्या कुलचिन्हातही गाढवच. उमरावांच्या कुलाभिमानाची याहून नेमकी खिल्ली क्वचितच कोणी उडवली असेल. या गटातल्या शेवटच्या चित्रात दोन कष्टकरी गाढवांना पाठीवर वाहतात.

खप फारसा झाला नाही. १८०३ मध्ये गोयाने सर्व पत्रे व उरलेले २४० संच राजा चौथा कार्लोस याला दिले. बदल्यात मुलगा हाविएर याला निवृत्तिवेतन मिळाले. ज्या व्यवस्थेवर ही टीका होती, तिच्याच प्रमुखाने ती जपली. मूळ पत्रे आज माद्रिदच्या राष्ट्रीय ताम्रमुद्रण संग्रहात आहेत.