क्लारा शूमानचा पियानो

पाश्चात्त्य संगीत म्हटलें कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें बहुधा दोन चित्रें उभीं राहतात. एक, शंभर वादकांचा प्रचंड वाद्यवृंद व त्याच्यापुढें हातांत छडी घेऊन उभा असलेला नायक. आणि दुसरें, भव्य रंगमंचावर एकटाच पियानो वाजविणारा एखादा विख्यात कलावंत. या दोहोंच्या मध्यें तिसरें एक संगीत आहे. त्याला रंगमंच लागत नाहीं व छडीही लागत नाहीं. तीन, चार किंवा पांच स्नेही एका खोलींत जमतात, वाद्यें जुळवितात आणि वाजवूं लागतात. इंग्रजींत यास ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. आपण त्याला दिवाणखान्यांतील संगीत म्हणूं. या संगीताच्या एका शाखेचा, म्हणजे पियानो आणि तंतुवाद्यें यांनीं मिळून वाजवावयाच्या रचनांचा, एकोणिसाव्या शतकांतील वृत्तांत आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. त्यांत रचनाकारांचीं नांवें अनेक येतील. पण आमची दृष्टि मुख्यतः एका बाईवर राहील. तिला केवळ वादिका समजून हा इतिहास सांगितला म्हणजे तो अर्धाच सांगितला जातो, असें आमचें मत आहे.

प्रथम आमची स्वतःची फजिती सांगून टाकतों. महाविद्यालयांत शिकत असतां एका स्नेह्याच्या घरीं आम्हीं रॉबर्ट शूमान याचें पियानो-पंचक ध्वनिफितीवर पहिल्यानें ऐकिलें. आमचा कान लहानपणापासून बैठकीच्या गाण्यावर पोसलेला. गवई कोण आणि साथीदार कोण हें ठरल्यावांचून त्या कानास चैन पडेना. पियानोचा आवाज मोठा, तेव्हां मुख्य कलावंत तोच व बाकीचीं वाद्यें त्याच्या साथीला, असें आम्हीं मनाशीं ठरवून टाकिलें. पण थोड्याच वेळांत चेलोनें एक गोड चाल उचलली, व्हायोलानें तिला उत्तर दिलें, आणि आमचा मुख्य कलावंत पेटीवाल्यासारखा मागें राहून नुसते स्वर भरूं लागला! असें दोन-चार वेळां झाल्यावर आम्हीं तें संगीत गोंधळाचें ठरवून बाजूस सारिलें. पुढें पुष्कळ वर्षांनीं उमगलें कीं गोंधळ आमच्या कानांत होता. येथें कायमचा गवई नाहीं आणि कायमचा साथीदारही नाहीं. हें पांच जणांचें संभाषण आहे. ज्याला कांहीं सांगावयाचें असेल त्यानें बोलावें, इतरांनीं हुंकार द्यावा, आणि हुंकार देणाऱ्यासही पुढच्या क्षणीं बोलतां यावें.

ही बरोबरी मात्र या संगीतांत जन्मापासून नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हायडनचीं त्रिकें छापून निघत, तीं ‘व्हायोलिन व चेलो यांच्या साथीसह पियानोचे सोनाटे’ अशा अर्थाच्या नांवांनीं. त्या वेळचा पियानो लाकडी चौकटीचा व नाजूक. त्याच्या खर्जाचा नाद लवकर विरे. म्हणून पियानोच्या डाव्या हाताचे स्वर उचलून धरणें हेंच चेलोचें मुख्य काम असे. मोझार्टनें १७८५ सालीं जी मायनरमधील चतुष्क लिहून आणि बेथोव्हेननें १७९५ सालीं आपलीं पहिलीं तीन त्रिकें प्रसिद्ध करून तंतुवाद्यांस बोलण्याचा अधिकार मिळवून दिला. पण इकडे हा न्याय होत असतां तिकडे पियानोच बदलत चालला होता. पॅरिसमध्यें एरार्ड यानें १८२१ सालीं एकच स्वर झपाट्यानें पुन्हां पुन्हां वाजवितां येईल अशी हातोडीची योजना केली. बोस्टन येथें बॅबकॉक यानें १८२५ सालीं ओतीव लोखंडाच्या अखंड चौकटीचें पेटंट घेतलें. लोखंडी चौकट आल्यावर तारा अधिक ताणतां येऊं लागल्या व पियानोचा आवाज वाढत गेला. ज्या पियानोला पूर्वी चेलोचा टेकू लागे, त्याच्यापासून आतां चेलोलाच वाचविण्याची पाळी आली. त्याच सुमारास जर्मनी व ऑस्ट्रिया येथील मध्यम वर्गाच्या घरांत पियानो हें शिष्टतेचें लक्षण होऊन बसलें आणि मुलींना तो शिकविणें अगत्याचें झालें. शूबर्टनें १८२७ सालच्या ई-फ्लॅटमधील त्रिकांत आणि मेंडेल्सोननें १८३९ सालच्या डी मायनरमधील त्रिकांत या बलाढ्य वाद्याचा तोल उत्तम सांभाळला. परंतु घर, मैत्री आणि संगीत या तिहींची खरी गांठ पडलेली पाहावयाची असेल तर लाइपझिग येथील शूमान दांपत्याच्या घरीं गेलें पाहिजे.

क्लारा वीक हिचा जन्म लाइपझिग येथें १३ सप्टेंबर १८१९ रोजीं झाला. तिचा बाप फ्रीडरिख वीक हा पियानोचा नामांकित शिक्षक, पण स्वभावानें मोठा करडा. नऊ वर्षांची असतां, १८२८ सालीं, तिनें गेवांडहाउस या तेथील प्रसिद्ध सभागृहांत वाजविलें. आणि १८३८ सालीं ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या दरबारानें तिला राजवादिकेची पदवी दिली. रॉबर्ट शूमान हा वीकचाच शिष्य. हाताचें बोट अधू झाल्यामुळें वादक होण्याची आशा सोडून तो रचनेकडे वळला होता. लग्नास वीकचा कडवा विरोध. प्रकरण कोर्टांत गेलें, कोर्टानें परवानगी दिली, आणि १२ सप्टेंबर १८४० रोजीं, क्लारेच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, लग्न लागलें. व्हिएन्ना येथील पियानोकार कोनराड ग्राफ यानें आपला एक पियानो तिला लग्नाची भेट म्हणून दिला.

संसार सुरू झाला आणि एक अडचण लगेच पुढें आली. नवराबायको मिळून एक रोजनिशी लिहीत. तींत या अडचणीचा उल्लेख आहे. घराच्या भिंती पातळ. रॉबर्ट रचना करावयास बसला म्हणजे क्लारेनें पियानोला हात लावावयाचा नाहीं. जिची कीर्ति युरोपभर झालेली, जिच्या जलशांच्या उत्पन्नाचा घराला मोठा आधार, तिनें आपली मेहनत नवऱ्याच्या सवडीनें करावी! रॉबर्टला याचें वाईट वाटे, हेंही आपण नमूद केलें पाहिजे. तिच्या रचना छापल्या जाव्यात म्हणून त्यानें खटपटही केली, आणि १८४१ सालीं दोघांचीं गीतें एकाच संग्रहांत प्रसिद्ध झालीं. पण वाईट वाटल्यानें भिंती जाड होत नाहींत.

१८४२ च्या वसंतांत क्लारा जलशांसाठीं कोपनहेगनला गेली आणि रॉबर्ट एकटा घरीं राहिला. उदास मनःस्थितींत त्यानें हायडन व मोझार्ट यांचीं तंतुचतुष्कें अभ्यासिलीं, उन्हाळ्यांत स्वतःचीं तीन चतुष्कें लिहिलीं, आणि सप्टेंबरअखेर पियानो-पंचक हातीं घेऊन तें कांहीं आठवड्यांतच पुरें केलें. पियानोला दोन व्हायोलिनें, व्हायोला व चेलो या पूर्ण चतुष्काची जोड देण्याची कल्पना पूर्वी बोकेरिनीला सुचली होती. पण ती रूढ झाली शूमानच्या या कृतीमुळें. कृति क्लारेला अर्पण केलेली आहे.

पंचकाचे खंड चार. पहिला खंड पांचही वाद्यें एकदम उडी घेऊन सुरू करतात. दुसऱ्यांत अंत्ययात्रेची चाल आहे. ती थबकत, अडखळत जाते, आणि मध्येंच ढग फांकून चांदणें पडावें तशी एक शांत स्वरधारा वाहूं लागते. तिसरा खंड म्हणजे निव्वळ आरोह-अवरोह. पहिल्या इयत्तेंतील विद्यार्थी घोकतो तेंच सप्तक. पण त्यांतून शूमाननें केवढा वेग उत्पन्न केला आहे! चौथ्या खंडाच्या अखेरीस मोठी मौज आहे. आपला गवई तान घेऊन मुखड्यावर परत येतो तेव्हां श्रोत्यांस किती आनंद होतो हें सांगावयास नको. येथें पहिल्या खंडाचा मुखडा शेवटीं परत येतो, पण तो एकटा येत नाहीं. चौथ्या खंडाच्या मुखड्याशीं त्याची वीण घातली जाते आणि दोन्ही चाली एकाच वेळीं, एकमेकींस धक्का न लावतां, चालूं लागतात. एकाच स्वररेषेच्या विस्तारावर वाढलेल्या आपल्या कानास ही गोष्ट नवी आहे. दोन-तीन वेळां ऐकल्यावांचून ती हातीं लागत नाहीं. लागली म्हणजे मात्र सोडवत नाहीं.

डिसेंबर १८४२ मध्यें एका स्नेह्याच्या घरीं हें पंचक वाजावयाचें होतें आणि ऐन वेळीं क्लारा आजारी पडली. मेंडेल्सोन तिच्या जागीं बसला व तो अवघड भाग त्यानें पूर्वतयारीवांचून समोरचा कागद पाहून वाजविला. वाजवून झाल्यावर त्यानें तिसऱ्या खंडांतील एक तुकडा आपणांस पटला नसल्याचें सांगितलें. शूमाननें तो काढून दुसरा लिहिला. ८ जानेवारी १८४३ रोजीं गेवांडहाउसमध्यें पहिला जाहीर प्रयोग झाला, तेव्हां पियानोवर क्लारा होती. पुढें अनेक वर्षें गांवोगांवीं ही कृति तिनेंच लोकांच्या कानीं घातली.

आतां तिच्या स्वतःच्या रचनेकडे वळूं. १८४६ सालीं शूमान कुटुंब ड्रेस्डेन येथें राहत होतें. रॉबर्टची प्रकृति ठीक नव्हती; घरांत चार लहान मुलें होतीं. त्या वर्षीं क्लारेनें जी मायनरमधील त्रिक लिहिलें. चार खंडांच्या या कृतींत उसनवारी नाहीं. पहिल्याच ओळींत व्हायोलिन जी करुण चाल मांडतें, ती पुढें तिन्ही वाद्यांस वांटून दिलेली आहे, आणि तिसरा संथ खंड पियानोच्या एकट्या आवाजांत सुरू होऊन व्हायोलिन व चेलो यांच्याकडे जातो तो ऐकतांना घर निजल्यावर कोणी हळू आवाजांत बोलत असावें असें वाटतें. शेवटच्या खंडांत एकामागून एक वाद्य तीच चाल घेऊन प्रवेश करतें, असा शास्त्रशुद्ध विस्तार आहे. योआखिम या थोर व्हायोलिनवादकानें पुढें १८६० सालीं क्लारेला लिहिलेल्या पत्रांत त्याची आठवण दिली आहे. इतकें भारदस्त काम एका बाईच्या हातचें असेल यावर तरुणपणीं त्याचा विश्वास बसेना, आणि तें पाहून मेंडेल्सोनला मोठें हंसूं आलें होतें!

योआखिमनें निदान आपली चूक हंसतमुखानें कबूल केली. क्लारेची स्वतःविषयींची चूक मात्र कोणी दुरुस्त केली नाहीं. बायकांनीं रचना करण्याची इच्छा धरूं नये, असें तिनें लग्नापूर्वीच, १८३९ सालीं, आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें होतें. १८४७ सालीं रॉबर्टनें डी मायनरमधील त्रिक लिहिलें तेव्हां त्याच्यापुढें आपलें त्रिक तिला बायकी व हळवें वाटूं लागलें. तिनें दुसरें त्रिक पुरें केलें नाहीं; आणि पतीच्या निधनानंतर रचना करणें तिनें जवळजवळ सोडूनच दिलें. कित्येक लेखक तिचें हें मत पुरावा म्हणून पुढें करतात व म्हणतात, तिनेंच जें कमी लेखिलें तें आपण कां वर काढावें? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. ज्या समाजानें तिला लहानपणापासून एक गोष्ट ऐकविली, त्याच समाजाचा आवाज तिच्या रोजनिशींतून उमटला आहे. दुसऱ्यांच्या रचनांविषयीं तिचा निर्णय सहसा चुकत नसे. चुकला तो आपल्याविषयीं.

दुसऱ्यांविषयींच्या निर्णयाचा दाखला पाहा. १८५३ सालीं वीस वर्षांचा योहानेस ब्राम्स शूमानच्या ड्युसेलडॉर्फ येथील घरीं आला. पुढच्याच फेब्रुवारींत रॉबर्टनें भ्रमाच्या भरांत ऱ्हाइन नदींत उडी घेतली. लोकांनीं त्याला वांचविलें, पण बॉनजवळील एंडेनिख येथील वेड्यांच्या इस्पितळांत २९ जुलै १८५६ रोजीं तो वारला. सात मुलांचा संसार क्लारेनें जलशांच्या जोरावर ओढिला. ब्राम्स आपल्या नव्या रचना तिला दाखवी. त्यानें १८६२ सालीं केवळ तंतुवाद्यांसाठीं एक पंचक लिहिलें; योआखिमला तें त्या वाद्यांस न पेलणारें वाटलें. ब्राम्सनें तेंच दोन पियानोंसाठीं केलें. तेव्हां क्लारेनें त्यास कळविलें कीं कृति थोर आहे, पण तिच्यांतील कल्पना दोन पियानोंत मावत नाहींत. ती पुन्हां नव्यानें मांड. ब्राम्सनें पियानो आणि चतुष्क यांचा मेळ घालून ती तिसऱ्यानें लिहिली, आणि १८६५ सालीं प्रसिद्ध झालेलें तें एफ मायनरमधील पंचक आज या प्रकारांतील शिखर गणलें जातें. मूळ तंतुपंचक ब्राम्सनें नष्ट केलें. मेंडेल्सोननें शूमानला, योआखिमनें व क्लारेनें ब्राम्सला जें सांगितलें तें स्तुतीच्या भरांत सांगितलेलें नव्हतें. आणि ऐकणाऱ्यानें तें मनाला लावून न घेतां कामास लाविलें. दिवाणखान्यांतील संगीत थोर झालें तें अशा दिवाणखान्यांत.

पुढें १८८० सालीं फ्रँकचें आणि १८८७ सालीं ड्व्होर्झाकचें पंचक आलें. हा प्रवाह फ्रान्स व बोहेमिया येथें पसरला. बोहेमियाकडूनच वॉल्टर काउफमन १९३४ सालीं मुंबईस आले व त्यांनीं तेथें चेंबर म्युझिकची सोसायटी काढिली. व्हायोलिनवादक मेहली मेहता त्यांच्या मंडळींत होते. तेव्हां आपल्या प्रांतास हें संगीत अगदींच परकें आहे असें नाहीं. ज्यांना त्याची गोडी लावून घ्यावयाची असेल त्यांनीं आमच्यासारखी साथीदार शोधण्याची चूक न करतां प्रथम शूमानचें पंचक ऐकावें, आणि एका वेळीं एकच वाद्य कानानें धरून त्याच्या मागें जावें. आज चेलो, उद्यां व्हायोला. मग ब्राम्सचें पंचक घ्यावें. आणि या दोहोंच्या मध्यें क्लारेचें त्रिक ऐकण्यास विसरूं नये. फार काळ तें कोणी वाजवीत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें पुन्हां उजेडांत आलें, आणि आज त्याच्या ध्वनिमुद्रिका सहज मिळतात.

क्लारा शूमान २० मे १८९६ रोजीं फ्रँकफर्ट येथें वारली. ग्राफनें तिला दिलेला पियानो तिनें ब्राम्सला दिला होता. ब्राम्सनें तो १८७३ सालीं व्हिएन्नाच्या संगीतसभेस दिला, आणि आज तो तेथील वस्तुसंग्रहालयांत आहे. त्याच्या माहितीच्या पाटीवर तीन थोर नांवें येतात. त्यांपैकीं एक नांव केवळ वाद्याची मालकीण म्हणून वाचावयाचें कीं रचनाकार म्हणूनही, हें मात्र त्रिक ऐकून ज्याचें त्यानें ठरवावें. आमच्यापुरतें आम्हीं ठरविलें आहे.