एका पेनीची हाक

इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला. चित्र नाही, आवाज नाही. सगळा कारभार अक्षरांचा. समोर कोणती खोली, कोणती वाट आहे ते वाचायचं आणि पुढची चाल टाइप करायची. असे खेळ आधीही होते, पण ते एकट्याने खेळायचे. इथे एकाच वेळी अनेक जण एकाच जगात हिंडत. नाव ‘मल्टी-यूजर डन्जन’, लाडाने ‘मड’. १९८० मध्ये त्याची सूत्रं रिचर्ड बार्टलकडे आली.

खेळाडूंना धरून ठेवायला शिडी होती. खजिना हुडकायचा, दलदलीत नेऊन टाकायचा, गुण मिळवायचे. नवख्याचा योद्धा, योद्ध्याचा वीर, असं चढत चढत शेवटी ‘विझार्ड’. लढाईत मेलात तर मात्र सगळी कमाई पुसली जाई. बाहेरच्यांना विद्यापीठाचा संगणक रात्री, कामाच्या वेळेनंतरच मिळे. तरी फोनचं बिल सोसून माणसं जागत.

पण शिडी संपल्यावर काय? विझार्ड झालेले खेळाडू तरीही येत राहिले: नवख्यांना मदत करायला, कधी छळायला, बहुतेकदा गप्पा मारायला.

१९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स ॲस्पनेसने शिडीच काढून टाकली. त्याच्या ‘टायनीमड’मध्ये गुण नाहीत, पायऱ्या नाहीत. हिंडायचं, खोल्या बांधायच्या, बोलायचं. एखादा दोस्त कुठे सापडेना, तर ‘पेज’ हा शब्द आणि त्याचं नाव टाइप करायचं. अमुक जण तमुक खोलीत तुम्हाला शोधतोय, असा निरोप त्याच्या पडद्यावर उमटे. या हाकेची किंमत खेळातली एक पेनी. लोकांनी इतक्या खोल्या बांधल्या, की काही महिन्यांतच पसारा आवरेनासा झाला.

पुढच्याच वर्षी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिसने ‘लॅम्डामू’ सुरू केला. त्याचा गाभा म्हणजे कर्टिसच्या स्वतःच्या घराची नक्कल. नवा पाहुणा कोटांच्या अंधाऱ्या कपाटात जागा होई; दार उघडलं की थेट दिवाणखान्यात, गप्पांच्या अड्ड्यात. माणसं इतकी रुजली, की भांडणंही खरी होऊ लागली. १९९२ अखेर विझार्डांनी, म्हणजे इथे खेळ चालवणाऱ्यांनी, सामाजिक तंट्यांतून अंग काढून घेतलं. मग तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. तीही निभली नाही. १९९६ मध्ये विझार्डांनी निर्णय पुन्हा हाती घेतले.

त्याच वर्षी बार्टलचा गाजलेला लेख आला. लोकांना मडमधून नेमकं हवं तरी काय, या प्रश्नावर अनुभवी खेळाडूंत झालेल्या लांबलचक चर्चेतून तो निघाला होता. त्याने चार जाती पाडल्या: गुण कमावणारे, कानाकोपरे धुंडाळणारे, गप्पिष्ट आणि मारेकरी. मारेकरी माजले की गप्पिष्ट पळतात. गप्पिष्ट गेले की उरलेल्यांनाही करमेनासं होतं. म्हणून चालकाचं काम तोल सांभाळण्याचं, हे त्याचं म्हणणं. आज या वर्गवारीचा दाखला चित्रमय ऑनलाइन खेळ घडवणारेही देतात.

आणि तो पहिला ‘मड’? ‘ब्रिटिश लेजंड्स’ या नावाने तो अमेरिकेच्या कॉम्प्युसर्व्ह सेवेवर १९९९ पर्यंत चालला. पुढे व्हिक्टर टोथने त्याचं रूपांतर नव्या संगणकांसाठी केलं, आणि तो पुन्हा सर्वांना खुला झाला.