शांतिसेनेच्या माघारीचा वाद
२९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. तमिळ गटांकडून शस्त्रे खाली ठेवून घ्यायला गेलेले जवान ऑक्टोबरपासून त्यांतल्याच ‘लिट्टे’ या सशस्त्र संघटनेशी लढू लागले. जून १९८९ मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासांनी २९ जुलैपर्यंत फौज परत न्या, असे जाहीरपणे बजावले. त्यांची ‘लिट्टे’शीही बोलणी सुरू होती. तमिळांना अधिकार व सुरक्षेची हमी मिळेपर्यंत माघार नाही, ही भारताचे पंतप्रधान राजीव गांधींची भूमिका होती. सप्टेंबरात दोन्ही सरकारांत तडजोड झाली आणि व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात, २४ मार्च १९९० रोजी, शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १,२०० जवान गमावलेल्या या सैन्याच्या मद्रासमधील स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. श्रीलंकेतील धोरणावरचा राग हुकमाने लढलेल्या जवानांवर निघाला, हा अन्यायच होता.